चंद्रलेखाबाईंचा नाच आणि आपल्या पाठी

या मालिकेत आपण सावित्रीबाई ऐकल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ऐकल्या. आज ज्या बाईंची गोष्ट आम्ही सांगणार आहोत, त्यांनी ना शाळा काढली ना पुस्तकातून भांडण मांडलं. त्यांनी नाच केला. नाव चंद्रलेखा.

"नाच" म्हटल्याबरोबर काही जणींनी कपाळाला आठ्या घातल्या असतील, ते आम्हाला रेडिओतूनसुद्धा दिसतंय. आपल्या भागात "नाचणारी" ही शिवी आहे. कलाकेंद्रात लावणी करणारी बाई दिवसा बाजारात आली की आपणच तिच्याकडे बघून पदर सावरतो. लग्नाच्या वरातीत पोरं तासभर नाचली तरी चालतं, सुनेनं दोन पावलं टाकली की तिचं माहेर निघतं. म्हणून तर ही गोष्ट सांगायची आहे. चंद्रलेखाबाईंनी आयुष्यभर एकच प्रश्न लावून धरला: बाईचं शरीर कोणाचं? नवऱ्याचं, देवाचं, बघणाऱ्याचं, मालकाचं, की त्या शरीरात जी राहते तिचं?

चंद्रलेखाबाईंचा जन्म 6 डिसेंबर 1928 चा, वाडा गावचा. वाडा तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघर जिल्ह्यात आहे. घर गुजराती पटेलांचं. वडील डॉक्टर आणि देवधर्म न मानणारे, आई मात्र भाविक. मुंबईत त्या वकिलीचं शिकायला लागल्या, पण ते अर्ध्यावर सोडून मद्रासला गेल्या आणि कांचीपुरमच्या एल्लप्पा पिल्लै गुरुजींकडे भरतनाट्यम शिकल्या. तो काळ नुकत्याच आलेल्या स्वातंत्र्याचा. शिकलेल्या घरातली मुलगी वकिली सोडून नाच शिकायला परमुलखात जाते, हे तेव्हा किती जणांच्या घशाखाली उतरलं असेल?

इथं थोडं मागं जावं लागेल. भरतनाट्यम हा मूळचा देवदासींचा नाच. देवळात आणि दरबारात त्या तो करायच्या. आज अरंगेत्रम होतं, म्हणजे शिष्या पहिल्यांदा लोकांसमोर नाचते, तेव्हा आधी हे मग ते असा जो क्रम असतो, तो तंजावरच्या दरबारातल्या चौघा भावांनी बसवला. आणि तंजावरचा दरबार कुणाचा? भोसल्यांचा. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्या घराण्याचा. सरफोजी राजांच्या काळात तिथं नाचासाठी मराठीतूनही रचना झाल्या. म्हणजे हा नाच आपल्याला वाटतो तितका परका नाही. पुढं देवदासींची प्रथा बंद करण्याचा कायदा मद्रास इलाख्यात 1947 साली झाला. तोवर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्यासारख्या वरच्या जातीतल्या बायका हा नाच करायला लागल्या होत्या. नाचाला प्रतिष्ठा आली. ज्या घराण्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या जपला, त्यातल्या बहुतेक बायकांच्या वाट्याला मात्र ती आली नाही. आमच्या मते या सगळ्या गोष्टीतला हा सगळ्यात कडू घोट आहे. कला उचलून घेतली आणि कलावंतीण दारात उभी ठेवली. आपल्याकडे लावणीचं वेगळं काय झालं?

आता 1952 साल. चंद्रलेखाबाईंचं अरंगेत्रम. कार्यक्रम मदतीसाठी ठेवलेला होता, रायलसीमा दुष्काळ निधीसाठी. रायलसीमा हा आताच्या आंध्रातला कोरडा मुलूख, आपल्या आष्टी-पाटोद्यासारखा. चंद्रलेखाबाई ज्या पदावर नाचत होत्या, त्यात मथुरेच्या बायका यमुनेत जलक्रीडा करतात. पाणी उडवायचं, पाण्यात खेळायचं, भिजायचं, आणि हे सगळं हातांनी आणि डोळ्यांनी दाखवायचं. नाचता नाचता त्या एकदम थबकल्या. वर्तमानपत्रांत पाहिलेले फोटो त्यांच्या डोळ्यांपुढं आले: भेगा पडलेली जमीन, हातात डबे घेऊन पाण्यासाठी रांगेत उभी माणसं. आपण इथं पाण्याचा एवढा सुकाळ नाचतोय आणि ज्यांच्यासाठी नाचतोय त्यांच्या घशाला कोरड आहे. त्यांनी पुढं सांगितलं होतं की त्या क्षणापासून कला आणि जगणं यातली ही फट त्यांना कधी विसरता आली नाही.

सख्यांनो, ही गोष्ट आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा बाकीचं पुस्तक बाजूला ठेवलं. आपल्यात 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेल्या आज्या अजून आहेत. शेजारच्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते तर लेकरांनाही आठवतं. टँकर आला की घागरी घेऊन कोण पळतं? आणि त्याच गावात सप्त्यात यमुनेच्या काठची गवळण रंगते, तीही आपणच टाळ्या वाजवून ऐकतो. गवळण वाईट असं आमचं म्हणणं नाही. पण मद्रासमधल्या एका तरुण मुलीला नाचता नाचता ती घागर दिसली, हे आम्हाला फार मोठं वाटतं. दुष्काळासाठी पैसे गोळा करणारे पुष्कळ असतात.

त्यानंतरही त्या काही वर्षं नाचल्या आणि नाच बसवले. 1960 साली देवदासींवर एक, 1972 साली नवग्रहांवर एक. मग जवळजवळ बारा वर्षं त्या रंगमंचापासून लांब होत्या. त्या काळात कविता केल्या, चित्रं काढली, पोस्टर केले. स्त्रियांच्या चळवळीसाठी त्यांनी केलेले पोस्टर गाजले. सदानंद मेनन या पत्रकार मित्राबरोबर त्यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांना पोस्टर कसं करायचं, कमी खर्चात छपाई कशी करायची हे शिकवायचं काम केलं. आपण गटात हळद-मसाल्याचं पॅकिंग शिकतो, तसंच समजा, फक्त इथं माल विकायचा नव्हता, म्हणणं मांडायचं होतं. सरकारला ते रुचलं नाही. 1980 नंतरच्या त्या वर्षांत दोघांवर राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. पुढं तो मागं घेतला गेला.

घरसंसाराचंही सांगितलं पाहिजे, कारण विचारणाऱ्या विचारतीलच. लग्नसंसाराच्या ठरलेल्या चौकटीत चंद्रलेखाबाई राहिल्या नाहीत. कवी हरींद्रनाथ चट्टोपाध्याय, सरोजिनी नायडूंचे भाऊ, हे त्यांचे तरुणपणाचे सोबती. नंतर चित्रकार दशरथ पटेल आणि सदानंद मेनन यांच्यासोबत मद्रासच्या समुद्रकाठच्या घरात त्यांचं आयुष्य गेलं. पांढरेशुभ्र मोकळे केस, कपाळावर भलं मोठं कुंकू, डोळ्यांत काजळ, असं त्यांचं रूप. केस पांढरे झाले म्हणून बाईनं रंगाला हात लावू नये, कुंकू फक्त नवऱ्याच्या नावानं लावावं, हे नियम त्यांनी भांडण न करता मोडले. लावलं कुंकू, झालं.

1984 साली मुंबईत, एनसीपीएच्या नाट्यगृहात देश-परदेशातल्या नर्तकांचा एक मेळावा भरला होता. तिथं त्या पुन्हा उभ्या राहिल्या. वय पंचावन्न. 1985 मध्ये त्यांनी "अंगिका" बसवलं. त्यात भरतनाट्यम होतं, योगासनं होती आणि केरळातलं कळरीपयट्टू होतं. कळरी म्हणजे लढाईची कला. आपल्याकडच्या मर्दानी खेळासारखी, पण ती अंगाला तेल लावून, सराव करून, सांधे मोकळे करून शिकवतात. चंद्रलेखाबाईंचं म्हणणं असं की नाच, योग आणि लढाई या एकाच शरीराच्या तीन वाटा आहेत. नाचातले दागिने, देवाच्या गोष्टी, लाडिक मुरके त्यांनी बाजूला काढले. उरलं काय? पाय रोवून उभं राहणं, गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं, श्वास आणि पाठीचा कणा.

ते अर्धं बसणं जरा समजून घ्या. त्याला त्या मंडल म्हणायच्या. दोन्ही गुडघे बाहेर उघडलेले, कंबर खाली आलेली, पाठ ताठ. आता आठवा, लहानपणापासून आपल्याला काय सांगितलं? पाय जवळ घेऊन बस. मांडी उघडी टाकू नको. हळू चाल, खांदे पाड, छाती काढून चालू नको. आपण अंग चोरायला शिकलो आणि त्याचं नाव ठेवलं वळण. चंद्रलेखाबाईंच्या नाचातली बाई अंग चोरत नाही. ती जागा घेते. "अंगिका"मध्ये तर एका ठिकाणी बाई पुरुषाला वाहन करून त्याच्यावर बसते, जशी देवी वाघावर बसते तशी. काहींनी तोंडं वाकडी केली. देवी वाघावर बसलेली चालते, हे मात्र नाही.

आता ज्यासाठी आम्ही ही बाई निवडली, तिथं येतो. 1990-91 च्या सुमारास त्यांनी "श्री" नावाचा नाच बसवला. त्यात बायका कंबरेत वाकून रंगमंचावरून चालत जातात. हळू, फार हळू. वर बघत नाहीत. ओळीनं, पाठ वाकलेली, पाऊल पुढं पाऊल. हजारो वर्षांत बाईचा कणा कसा वाकवला गेला, ते एकही शब्द न बोलता. आमच्या बैठकीत याची एक छोटी चित्रफीत मोबाईलवर फिरवली. एक मावशी बघत बघत म्हणाली, "ह्या तर फडात चाललेल्या दिसतात." कोणी हसलं नाही.

ऊसतोडीला गेलेल्यांना वेगळं सांगायला नको. कोयता खाली बुंध्याशी मारायचा म्हणजे दिवसभर कंबर मोडून. मग पाचट काढायचं, मोळी बांधायची, 30-40 किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं. पोटात लेकरू असलं तरी. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे बाई अर्धा कोयता. उचल नवऱ्याच्या हातात, आणि दिवस बुडाला की खाड्याचा दंड दोघांच्या हिशोबात. पाळी आली म्हणून सुट्टी नाही, संडास नाही, न्हाणी नाही. मग अंगावरून जायला लागलं, ओटीपोटात दुखायला लागलं की डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.

किती जणींची मिटली? 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं चौकशी समिती नेमली. आपल्या बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींमागं एक. या आकड्यात आमच्या गटांतल्याही बायका आहेत. पिशवी गेली की दुखणं संपतं असं त्यांना सांगितलं होतं. आता कंबर धरते, हाडं दुखतात, ऐन तिशीत अंगातून वाफा निघतात, आणि ऑपरेशनला काढलेलं कर्ज फेडायला पुन्हा तोच फड. गटात कर्जाचा अर्ज येतो तेव्हा कारणाच्या रकान्यात आम्ही "आजारपण" लिहितो. त्या एका शब्दात काय काय मावतं!

नाचानं हे थांबेल असं सांगायला आम्ही बसलेलो नाही. त्यासाठी कायदा पाहिजे, तपासणी पाहिजे, दंडाशिवाय सुट्टी पाहिजे, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायची सवय पाहिजे. पण एक गोष्ट नाचानं दाखवली. "श्री"मध्ये त्या वाकलेल्या बायका शेवटपर्यंत वाकलेल्या राहत नाहीत. शेवटी दहा हातांची बाई उभी राहते. एका बाईच्या मागं बाकीच्या उभ्या, हात सगळ्यांचे, आकृती एक. आम्हाला ते बघून आपला दहा जणींचा गट आठवला. तुम्ही म्हणाल ओढूनताणून जोडलं. असू द्या.

मधेच एक आनंदाची गोष्ट. 1989 साली त्यांनी "लीलावती" बसवलं. भास्कराचार्यांचं गणिताचं पुस्तक, 1150 च्या सुमाराचं, आणि त्यावर नाच! भास्कराचार्य आपलं गाव विज्जडविड असं सांगतात. काही अभ्यासक ते गाव म्हणजे आपलं बीड म्हणतात, काही चाळीसगावजवळचं पाटण म्हणतात. भांडण विद्वानांचं, आपण आपल्या बाजूनं राहू. त्या पुस्तकात एक कोडं आहे: तळ्यात कमळ पाण्याच्या वर अर्धा हात आलंय. वाऱ्यानं ते कललं आणि दोन हातांवर जाऊन पाण्यात बुडालं. तर पाणी किती खोल? उत्तर पावणेचार हात. दर महिन्याला व्याजाचा हिशोब तोंडी करणाऱ्या बायकांनी करून बघा. आमच्या एका सचिवताईंनी काडीनं मातीत आकृती काढून सोडवलं, आणि पदवीवाल्या आम्ही बघत राहिलो.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. 1998 साली चंद्रलेखाबाईंनी "राग" नावाचा नाच केला. विषय होता बाईपणाचा शोध, आणि तो शोध त्यांनी पुरुषांच्या शरीरात घेतला. दोन पुरुष एकमेकांच्या जवळ येतात, हळुवारपणे, मायेनं, ओढीनं. कुस्तीतली झटापट नाही आणि थट्टाही नाही. काही प्रेक्षकांना ते पचलं नाही. बाई बाईसाठी बोलते इथवर ठीक होतं, ही पुरुषाला मऊ करायला निघाली, ते चालेना.

आपल्याला खरं तर याचं नवल वाटायला नको. बालगंधर्वांचं लुगडं नेसणं बघून बायका साडी नेसायला शिकल्या असं आपणच कौतुकानं सांगतो. तमाशात नाच्या असतो, जोगते लुगडं नेसून परडी घेऊन दारात आले तर आपण ओंजळभर जोंधळे घालून पाया पडतो. पण तेच बाईपण घरच्या पोरात दिसलं की मार. पोरगा मुरडत चालतो, भाकरी थापायला बसतो, मैत्रिणींत रमतो म्हणून त्याला गावानं काय काय नावं ठेवलेली आम्ही ऐकली आहेत. एखादी पोरगी लग्न नको म्हणते, मैत्रिणीसोबतच राहीन म्हणते, तिला तर देवऋषाकडे नेतात, नाहीतर पंधरा दिवसांत उजवून टाकतात. शहरात अशा सगळ्यांसाठी क्वीअर असा शब्द वापरतात. बाईनं असंच आणि पुरुषानं तसंच असलं पाहिजे या साच्यात जे बसत नाहीत, ते. सुप्रीम कोर्टानं 15 एप्रिल 2014 ला तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवायचा हक्क दिला, आणि 6 सप्टेंबर 2018 ला दोन सज्ञान पुरुषांचं किंवा दोन बायकांचं राजीखुशीचं नातं हा गुन्हा नाही असं सांगितलं. चंद्रलेखाबाई त्याच्या कितीतरी आधी हे नाचून गेल्या. स्वतःला कुठलंही नाव चिकटवत बसल्या नाहीत.

आमच्या काही जुन्या सदस्यांना हे रेडिओवर बोलू नये असं वाटत होतं. "बचत गटाचा आणि याचा काय संबंध?" असं त्यांनी स्पष्ट विचारलं. संबंध आम्हाला असा दिसतो: ज्या हिशोबानं बाई अर्धा कोयता ठरते, त्याच हिशोबानं तो पोरगा अर्धा पुरुष ठरतो. वही एकच आहे. चर्चा अजून संपलेली नाही, आणि ज्यांना पटलं नाही त्यांनी पुढच्या बैठकीला जरूर यावं, भाकरी बांधून आणावी, कारण उशीर होणार.

शेवटचा मोठा नाच "शरीर", 2001 सालचा. तेव्हा चंद्रलेखाबाई बहात्तर वर्षांच्या होत्या. गुंदेचा बंधूंचं धृपद गाणं, आणि मंचावर एक बाई, नंतर तिच्यासोबत एक पुरुष. बाई जमिनीवर असते, पाय इतके हळू उघडतात की एखादं झाड वाढताना बघतोय असं वाटावं. गडबड नाही, लाज नाही, दाखवणंही नाही. इथं जन्म होतो, इथं सुख होतं, इथूनच ताकद येते, एवढं शरीर सांगतं. आम्ही ते तुकडे बघितले तेव्हा दार लावून घेतलं होतं, हेही सांगून टाकतो. बाळंतपणं, पाळी, दुखणी, ऑपरेशनं, सगळं ज्या जागेवर झालं त्या जागेचं नाव आम्ही कधी मोठ्यानं घेतलेलं नव्हतं. त्या दिवशी बंद दाराआड पहिल्यांदा बायका बोलल्या. कुणाला कधीपासून दुखतंय, कुणाला कोणी काय सांगून सही घेतली, कुणाला कागदावर काय लिहिलंय ते अजून माहीत नाही. दोन जणींचे कागद दुसऱ्या सोमवारी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंना नेऊन दाखवले.

चंद्रलेखाबाई 30 डिसेंबर 2006 रोजी चेन्नईत गेल्या. समुद्रकाठच्या त्यांच्या घराच्या आवारात त्यांनी नाचासाठी जागा करून ठेवली होती, तिथं आजही तरुण मंडळी नाचतात, शिकतात.

आमच्या बैठकीत आता सुरुवातीला पाच मिनिटं आम्ही भिंतीला पाठ लावून उभ्या राहतो. टाचा, कंबर, खांदे, डोकं, सगळं भिंतीला टेकवायचं आणि श्वास घ्यायचा. फडातून परतलेल्या कितीतरी जणींचे खांदे भिंतीला टेकतच नाहीत. पासष्टीच्या एक आजी पहिल्या दिवशी म्हणाल्या, "बाई गं, ह्यो कसला नाच? ह्यात तर हललंच नाही कुणी." आणि तशाच भिंतीला लागून उभ्या राहिल्या.